पाकिटावरची आई

हनुमंताच्या बेकरीतल्या ब्रेडच्या पाकिटावर आमच्या आईचा फोटो आहे. डोक्यावर पदर, हातात नाचणीची कणसं, आणि तोंडावर असं हसू की सगळं पुणं तिच्या पंक्तीला जेवायला बसलंय. खाली छापलंय, ‘साळूबाईंच्या शेतातली सेंद्रिय नाचणी. सात धान्यांचा पौष्टिक ब्रेड.’ ते पाकीट नुसतं दिसलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी रत्ना, हनुमंताची थोरली बहीण. माझं सासर-माहेर दोन्ही विंझरातच. गावच्या अंगणवाडीत सेविका आहे, म्हणजे कशात किती सत्त्व हे आयाबायांना सांगणं हे माझं कामच. हनुमंताने पानशेतच्या रस्त्यावर बेकरी टाकली तेव्हा आईच्या आनंदाला अंगण अपुरं पडलं. वरच्या उतारावर ती नाचणी करते, शेणखतावर, औषधाचा थेंब न मारता. सुगी झाली की हनुमंताचा टेम्पो यायचा आणि पोती भरून घेऊन जायचा.

धान्य देण्याची आईची एक रीत आहे. पोतं परक्या घरी जाणार असेल तर त्यात एक हळकुंड टाकायचं. घेणाऱ्याने पोतं सोडलं की हळकुंड परत धाडायचं, म्हणजे धान्य त्याच्या चुलीला लागलं हे कळतं. घरच्या माणसाला हळकुंड नाही. त्याच्याकडे कसली खूण मागायची? म्हणून हनुमंताच्या पोत्यांत तिने हळकुंड कधी टाकलं नाही. तोंडं तेवढी स्वतः बांधायची, जुन्या लुगड्याचे काठ फाडून.

आईला साखर निघाली तशी हनुमंताने दर बाजारच्या दिवशी ब्रेडची पाकिटं आणून द्यायला सुरुवात केली. “आता भाकरी थापत बसू नगंस. ह्यो खा. तुझीच नाचणी हाय, साखरंला लई चांगला.” मी पाकीट उलटून वाचून दाखवलं, तंतू इतके, कॅल्शियम इतकं, लोह इतकं. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण लेकाने भाजलाय एवढं पुरे होतं. परात फळीवर गेली. सकाळ-संध्याकाळ ती तोच ब्रेड आमटीत बुडवून खायची.

साखर उतरायची सोडून चढत गेली. वेल्ह्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी चोरून गोड खातात. आईने देवाची शपथ घेतली. माझा विश्वास बसला नाही. मी तिची ट्रंक उपसली, गुळाचा डबा कुलपात टाकला, जाऊबाईंच्या देखत तिला बोल बोल बोलले. मग पायाला खुरपं लागल्याचं निमित्त झालं, जखम भरेना, आणि शेवटी पुण्याला नेऊन डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

दवाखान्यातून परत येताना आई म्हणाली, “गाडी पानशेतवरनं घ्या की. हनुमंताची भट्टी म्या अजून बगितली न्हाई.”

खरंच पाहिली नव्हती. ती यायचं म्हणाली की हनुमंत काहीतरी सबब काढायचा.

बेकरी गजबजलेली होती. भिंतीवर आईचा दारभर मोठा फोटो. पुण्याच्या एका बाईने तिला लगेच ओळखलं. “अय्या, पाकिटावरच्या आजी! आमच्याकडे तुमच्याशिवाय दुसरा ब्रेड चालत नाही. माझ्या सासऱ्यांना शुगर आहे ना.” आईला मध्ये घेऊन तिने सेल्फी काढला. आई लाजून लाल झाली. इतक्या दिवसांनी मी तिला हसताना बघत होते. हनुमंत कुठे बाहेर गेला होता. आई म्हणाली, तोवर भट्टी बघू, आणि लंगडत मागच्या खोलीत शिरली.

मी मागोमाग गेले तर ती कोपऱ्यात उभी. कोपऱ्यात पोती होती, एकावर एक, भिंतीला टेकून. तोंडांना लुगड्याचे काठ तसेच. वर हिरवा, गेल्या सुगीचा. त्याखाली जांभळा, त्याच्या आदल्या सालचा. एकही गाठ सुटलेली नव्हती. उंदरांनी खालची पोती कुरतडून नाचणी जमिनीवर सांडली होती. भट्टीपाशी मात्र मैद्याची पोती तोंड उघडून उभी होती आणि पलीकडे पाव तपकिरी करायच्या रंगाचे कॅन.

आई खाली वाकली. सांडलेली नाचणी ओंजळीत घेऊन तिने फुंकर मारली आणि परत पोत्यावर ठेवली. तेवढ्यात हनुमंत आला.

“आई? तू हितं कशी?” मग त्याला पोती दिसली, आणि आम्ही पोत्यांकडे बघत होतो तेही दिसलं. “अगं, नाचणीचा पाव फुगत न्हाई. चिरा पडत्यात. गिऱ्हाईक हात लावत न्हाई त्याला.”

“गिऱ्हाइकाचं म्या इचारलं न्हाई,” आई म्हणाली. “मला आनून देत व्हतास, त्यो बी ह्योच का?”

हनुमंताची नजर तिच्या पायाच्या पट्टीवर गेली आणि तिथून हलेना.

“तुझ्यापुरता येगळा कुठं भाजत बसनार, आई?”

मला वाटलं त्याच्या थोबाडीत द्यावी. हात उचललाही. आईने तो खाली केला.

“तुला नाचणीची काळी भाकर नको असायची,” ती त्याला म्हणाली. “दोन पायल्या तांदूळ नसायचे घरात. तरी तुझ्यापुरती तांदळाची येगळी थापायची म्या. रोज.”

आणि ती बाहेर जाऊन गाडीत बसली. त्या पुण्याच्या बाईने हात हलवला तर आईने उलट हात हलवला, माणुसकी म्हणून. मी मात्र घाटभर रडले. करंगळी त्या ब्रेडनेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण मी माझ्या आईला चोर ठरवलं होतं आणि माझ्या भावाने ते ठरवू दिलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

परात फळीवरून खाली आली. साखर हळूहळू उतरू लागली. हनुमंत महिना दोन महिने फिरकला नाही. सुगीनंतर एक दिवस आला, टेम्पो न आणता, मोटारसायकलवर. म्हणाला, फोटो काढून टाकतोय, नवी पाकिटं छापायला दिलीत. आईने त्याला जेवायला वाढलं. निघताना म्हणाला, “आई, घरी खायला थोडी नाचणी देशील? सार्थकला नाचणीची भाकर आवडती.”

सार्थक त्याचा मुलगा. आई उठली. पोतं आणलं, कणगीतून नाचणी भरली, काठ फाडला. मग देवळीकडे गेली, हळदीच्या डब्यातून एक हळकुंड घेतलं आणि त्याच्यासमोर पोत्यात टाकलं.

हनुमंताचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, हे कशाला? म्या काय परका हाय?”

आईने गाठ आवळली आणि पोतं त्याच्याकडे सरकवलं.

“पोतं सोडलंस की धाडून दे,” ती म्हणाली.