बुजीपलीकडचा हाल

फोन सकाळच्या चहाच्या वेळी आला. नावेच्या कुशीवर रंगवलेला नंबर वाचून कुणीतरी लावला होता. बोलणारा म्हातारा होता, आणि वारा त्याचे अर्धे शब्द खात होता.

"नाव फुटली, बाई. दोघं किनाऱ्याला लागले. एक जिवंत आहे, पण शुद्धीत नाही. त्याला ओरमाड्याच्या दवाखान्यात धाडलाय. दुसऱ्याला काल माती दिली. त्यांची नावंगावं आम्हाला ठाऊक नाहीत. बुजीचा डोंगर उतरला की डावीकडे किनारा. या. काय घडलं तो सगळा हाल समोरासमोर देतो."

फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना. म्हातारा रेंजसाठी डोंगर चढून बोलला असणार आणि उतरून गेला असणार.

नावेवर दोघंच होते. एक माहगंजचा मुलगा पुल्लान, दुसरा तिच्या मेलेल्या भावाचा मुलगा बालाच.

घंट्याभरात शेजारच्या दिलमुरादची पिकअप दांब गावाहून निघाली. पुढच्या बाकावर दोघी दाटीनं बसल्या, माहगंज आणि तिची भावजय शरातून, बालाचची आई. दोघींच्या मांडीवर एकेक गाठोडं. शुद्धीवर येणाऱ्याला अंगात घालायला कोरडे कपडे. शरातूननं बालाचचे बांधले होते, माहगंजनं पुल्लानचे. एकीनंही दुसरीला विचारलं नाही, गाठोड्यात काय गं.

झिरो पॉइंटला गाडी किनाऱ्याच्या सडकेला लागली. दिलमुरादला गप्प बसणं जमत नसे. "मावशी, आधी सरळ ओरमाड्याला जाऊ या का? जिवंत आहे त्याचं तोंड तरी बघू."

"आणि ज्यानं आपल्या लेकराला माती दिली, त्याच्या दारावरून धूळ उडवत जाऊ?" माहगंज कडाडली. "हाल घेतल्याशिवाय? तुझ्या आईनं तुला वाढवलं की बकरीनं?"

"बकरीनंच, मावशी. म्हणून तर तुमचं ऐकतो."

एरवी शरातून हसली असती. आज तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. दुवा मागत होती. कुणासाठी ते माहगंजला कळत होतं, कारण तीही तेच मागत होती. फक्त नाव वेगळं. एका माणसाचा जीव दोघी दोन टोकांनी ओढत होत्या, आणि मध्ये खांद्याला खांदा लागलेला.

आगोरचा पूल गेला. कुंड मलीरला समुद्र एकदम सडकेला येऊन भिडला. पाणी खवळलेलं, पांढरं. जुलैचा समुद्र असा असतो, म्हणून तर साऱ्या दांबच्या होड्या वाळूवर ओढून उलट्या घातलेल्या. सगळ्या, एक सोडून.

माहगंजनं तोंड फिरवलं. चार दिवसांपूर्वी तिनंच पुल्लानच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली होती. "दोन महिने घरात बसून बायकांसारख्या भाकऱ्या मोडतोस. बांगड्या आणू का? तुझा बाप असल्या समुद्राला शेपटी धरून फिरवायचा." बापानं तसलं काही कधी केलं नव्हतं. तोही जुलैत घरीच बसायचा, जाळी शिवायचा. पण जीभ सुटली. पुल्लान उठला. बालाच त्याचा सावलीसारखा मित्र. "एकटा कसा सोडू, आत्या?" म्हणाला आणि मागोमाग गेला. शरातून तेव्हा घरात नव्हती. तिला वाटत होतं, पोरांनी आपल्या मस्तीत नाव लोटली.

बुजीचा घाट सुरू झाला. वाऱ्यानं कोरलेले मातकट कडे, कुठे बुरूज, कुठे मोडका किल्ला. गवताची काडी नाही. एका कड्यावर बाईसारखा उभा दगड. शहरातले लोक गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. आज उन्हात तिथं चिटपाखरू नव्हतं.

"वन्सं," शरातून पहिल्यांदा बोलली.

"काय?"

"तुमचं काळीज काय सांगतं?"

आईचं काळीज सांगतं म्हणे. माहगंजचं काळीज काही सांगत नव्हतं, नुसतं भीक मागत होतं. *माझा नसू दे. तो मातीतला भावाचा असू दे.* सख्ख्या भावाच्या लेकरासाठी! तिला स्वतःची किळस आली, पण मागणं काही थांबेना.

"काळीज काय सांगणार?" ती म्हणाली. "पाणी पी."

घाट उतरून पिकअप वाळूत शिरली. किनारा मुका होता. चार झोपड्या, चार उलट्या होड्या आणि मैलभर रिकामी वाळू. फोनवरचा म्हातारा, होडी चालवणारा नाखुदा जंगियान, चटई अंथरून वाट बघत बसला होता. पाणी दिलं, खजूर दिले. मग मान खाली घालून त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, हाल द्या."

आलेल्यानं आधी आपला हाल द्यायचा. वडीलधाऱ्यानं, पहिल्यापासून, खरा. तो संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. मग घरचा माणूस आपला देतो. आलेला राजा असला तरी हेच. आणि हालात खोटं बोलणाऱ्याच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. चाळीस वर्षं घरातला प्रत्येक हाल माहगंजनं दिला होता, आणि तिच्या हालात कुणाला चूक सापडली नव्हती.

"हाल खैर," तिनं सुरुवात केली. हाल कितीही वाईट असो, सुरुवात 'सारं बरं आहे' अशीच. घर कुठलं, नाव कुणाची, मुलं कोण, सांगून झालं. मग थेट आज सकाळच्या फोनवर उडी मारता आली असती. म्हाताऱ्याला काय कळणार होतं? तिनं शरातूनकडे पाहिलं नाही.

"समुद्र बंद होता. मुलं जाणार नव्हती. मी माझ्या मुलाला बायकी म्हणाले, त्याच्या पुढची ताटली ओढली. म्हणून तो गेला. दुसरा त्याला एकटं सोडवेना म्हणून गेला. नाव मी लोटली. हाल इतकाच."

शेजारी शरातूननं झटक्यात तिच्याकडे मान वळवली. पण घरच्याचा हाल बाकी होता, आणि मध्ये बोलायची रीत नव्हती.

"आता तुमचा हाल," माहगंज म्हणाली.

जंगियाननं नावेची फळी कुठे दिसली, लाटा केवढ्या होत्या, सगळं क्रमानं सांगितलं. एक शब्द गाळून पुढे जाईना. माहगंजनं चटईची काडी नखानं तोडली. "जो गेला त्याला मी स्वतः आंघोळ घातली, बाई. कोवळा होता. डाव्या हाताची करंगळी अर्धी, जुनी जखम. हाल इतकाच."

करंगळी बालाचची. दोराच्या चाकात गेलेली.

माहगंजच्या छातीत आनंद उसळला. थोपवायच्या आत तोंडावर आला असणार, कारण शरातून तिच्याकडेच बघत होती.

"झालं समाधान, वन्सं?"

माहगंजनं ओढणीनं तोंड झाकलं.

शरातून उठली. "नाखुदा, दाखवा कुठे ठेवलाय." माहगंजही उठायला गेली, तशी तिनं हात आडवा धरला. "तुम्ही इथेच. ओरमाड्याला तुमचा मुलगा शुद्धीवर आला की पहिलं बालाच कुठे म्हणून विचारील. तो हाल तुम्ही द्यायचा नाही. मी देईन. सगळा. तुम्ही आत्ता दिलात तसाच. तोवर तुम्ही त्याच्यासमोर जायचं नाही."

"तो एकटा पडलाय तिथे," माहगंजनं तिचा आडवा हात धरला. "शरातून, तो मरेल. मला एकदा बघू दे. पाया पडते."

"माझा कालपासून एकटा पडलाय."

ती म्हाताऱ्यामागून वाळू तुडवत गेली. दिलमुरादनं किल्ली हातात घोळवली, मग खाली बघत म्हणाला, "मावशी, गाडी चालू करू? आपण आधी पोचू."

ओरमाडा दोन घंट्यांवर होता. माहगंजनं गाडीच्या दाराला हात लावला. लोखंड उन्हानं तापून निखारा झालेलं. हात तसाच ठेवला, भाजेपर्यंत, आणि मग काढला.

"नको," ती म्हणाली. "ती येऊ दे."