हळदीकुंकू लावलेली हार्ड डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, मला पाहिलंत तर हसाल, कारण माझ्या काळ्या पाठीवर हळदीकुंकवाचे डाग आहेत.

मुरुमच्या एका शेळी पैदास केंद्रात मी कामाला लागले. तिथल्या संगणकात नऊशे उस्मानाबादी शेळ्यांची कुंडली असते. कानातला बिल्ला, आई, बाप, टोचलेल्या लसी, सगळं. दर शनिवारी केंद्राचं दप्तर सांभाळणाऱ्या राजेश्वरीताई या नोंदींची नक्कल माझ्यात उतरवून ठेवायच्या. संगणक बिघडला तरी आपली डिस्क आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि माझी छाती फुगायची. खंडेनवमीला तर त्यांनी माझी पूजा केली आणि हिरव्या खणात गुंडाळून मला देवाच्या फळीवर ठेवलं.

मान मिळाला, पण माझ्या पोटात काय आहे, हे कोणी बघितलं नाही. दसऱ्यापासून मी तुडुंब भरले होते. नक्कल अर्धीच उतरायची. पडद्यावर तशी सूचनाही यायची, पण ताई ती न वाचताच पुसून टाकायच्या. आपल्याला बोलता येत नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटे.

माघात वीज कमीजास्त झाली आणि संगणक जळाला. नवा आला, त्यात दोन दिवसांत जन्मलेल्या करडांच्या नोंदीही झाल्या. एवढ्यात हरणाबाई आपली चांदी शेळी घेऊन आल्या. चांदी केंद्रातूनच घेतलेली. तिला कोणता बोकड दाखवायचा, ते ठरायचं होतं. तिचा बाप कोण, हे कळल्याशिवाय ठरणार कसं? बापाशीच गाठ पडली तर करडं अशक्त निपजायची भीती.

राजेश्वरीताई घाईघाईने मला नव्या संगणकाला जोडू लागल्या. उमरग्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्या शरणबसप्पांनी त्यांना अडवलं.

"थांबा ताई. हिच्यातलं थेट त्याच्यावर वतलं, तर कालची करडं पुसून जातील. आधी येगळ्या कंप्युटरवर उघडून बघू."

उघडलं आणि ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. एकामागून एक नक्कल अर्धवट. अखेर दसऱ्याआधीची एक धड निघाली. हरणाबाई पडद्याला नाक लावून उभ्या होत्या.

"माझी चांदी हाय का त्यात?"

चांदी होती. बाप सतरा नंबरचा बोकड. हरणाबाईंनी तिला लगेच बारा नंबरकडे वळवलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही.

मधल्या चार महिन्यांच्या नोंदी मात्र गेल्याच. मग गावोगावच्या बायका शेळ्या घेऊन आल्या आणि जे जे आठवत होतं ते सांगू लागल्या. अंगणभर नुसतं बेंबें. ताई टिपून घेत होत्या, तेवढ्यात एका करडाने माझा खण चघळून टाकला. मला लई मजा वाटली.

आता अर्धवट नकला पुसून माझ्यात जागा केली आहे आणि मला एक नवी जोडीदारीण आहे, दुसरी डिस्क. दोघींवर एकदम संकट नको म्हणून ती हरणाबाईंच्या घरी राहते. महिन्यातून एकदा आम्हा दोघींना वेगळ्या संगणकावर उघडतात. हरणाबाई नेमाने येतात आणि चांदीचं नाव बघूनच घरी जातात. हल्ली त्या नावाखाली दोन करडं आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. तिला हळदीकुंकू जरूर लावा, आम्हाला ते आवडतं. पण आधी तिला उघडा आणि तुमची चांदी आत आहे ना, तेवढं बघा.