विमानाचे पाच तास

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा भामाबाईच्या घरचा दंडक. तिचा नवरा साताऱ्याहून गुळाची गाडी घेऊन सांगलीच्या पेठेला निघाला की तीन दिवस केरसुणी हलायची नाही. बैलांची चाल ठाऊक, वाट ठाऊक. चौथ्या दिवशी खुशाल झाडा!

पण लढाई आली आणि लेक नानासो पलटणीत गेला. चव्वेचाळीस साली रजेवर आला, तो जाताना सांगून गेला, "आये, बुधवारी सकाळी नवाला दिल्लीत इमानात बसणार. कलकत्ता आठशे मैल. पाच तासात पोचतोय बग."

"आन् मदीच आभाळात बंद पडलं तर रं?" म्हातारीने विचारलं.

त्या बुधवारी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. सून लीलाबाई तीनदा शाळेचं घड्याळ बघून आली. दोनचे टोले पडले, तरी म्हातारी म्हणे, सांजपातूर थांबू.

"आवं आत्याबाई, नवापासनं पाच मोजा की! पोचलं आसतील," म्हणत लीलाबाईने केरसुणी उचलली. चौथी शिकल्याचा लय तोरा बाईला!

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. घरात वाचता येणारी लीलाबाई एकटीच. उंबऱ्यात बसून ती मनातल्या मनात वाचू लागली. "वादळामुळे विमान नऊऐवजी बाराला उडाले. वाटेत दोनदा दगडासारखे खाली आले. देवानेच वाचवले. पाचाला उतरलो."

म्हणजे दोन वाजता ते वरच होते! आणि आपण इकडे खराखरा घर झाडत होतो!

"काय लिवलंय गं? बोल की!"

"सुखरूप हायेत."

"टायमाला पोचला न्हवं?"

"व्हय."

खाली आणखी एक ओळ होती. "एकवीस तारखेला सकाळी सहाला पुन्हा विमान आहे." एकवीस म्हणजे उद्याच. त्यापुढे कुठे, किती मैल, किती तास, सगळ्यावर लष्करातल्या साहेबाने काळी शाई फासली होती. तारीख-वेळ तेवढी त्याच्या नजरेतून सुटली. लीलाबाईने कागद उन्हाला धरला, उलटून बघितला, नखाने खरवडला. काही म्हणता काही दिसेना. तिला भयंकर भीती वाटली.

"परत कवा उडणार? किती तास?" म्हातारीने विचारलं.

ठाऊक न्हाई म्हणावं, तर ही अन्नपाणी सोडून बसणार, आणि किती दिवस ते कोण सांगणार?

"उद्या सकाळी सहाला," लीलाबाई म्हणाली. "पाचच तास, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी अकराचे टोले पडले. भामाबाईने देवापुढे हात जोडले. "पोचला गं माझा नानू!" म्हणत ती घोटभर पाणी प्याली आणि आपणच केरसुणी घेऊन झाडायला लागली.

'थांबा' म्हणायला लीलाबाईने तोंड उघडलं. पण थांबायचं कुठवर, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

म्हातारीने सगळा केर भरला आणि बाहेर टाकून आली.