चार नंबरची मी-ओक

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला त्या सरकारची वकील म्हणायला नको. मी उत्तरेतून पळून आलेली बाई आहे. भर जानेवारीत, गुडघाभर बर्फातून सरहद्दीवरची नदी ओलांडली ती काही हौस म्हणून नव्हे. तिथल्या राज्याचे वाभाडे काढायचे तर मी सकाळी सुरुवात करीन आणि रात्रीचा भात थंड होईल तरी संपवणार नाही. पण तिथल्या माणसांना कुणी हसलं, की माझं डोकं फिरतं. मग समोर कोण आहे ते मी बघत नाही.

आता दक्षिणेत, सोलजवळच्या इंचॉनमध्ये, माझं केसांचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. गेल्या एप्रिलात तिथं डंकन नावाचा एक गोरा पत्रकार आला. बरोबर कॅमेरावाला आणि सोक-हून नावाचा दुभाष्या. सोक-हून इथलाच, तिशीचा, बोलायला गोड पण जरा भित्रा. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागला. फोनवर म्हणाला होता, "मावशी, तुमच्या तिकडच्या दुकानाबद्दल चार गोष्टी सांगायच्या, बस्स." मी म्हटलं, येऊ दे. तिकडे उत्तरेत, चोंगजिनला मी अठरा वर्षं कात्री चालवली, सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं.

ते आले तेव्हा बोंग-रे आजी खुर्चीत बसल्या होत्या, डोक्यावर कुरळे करायच्या तीस नळ्या गुंडाळून. वय एक्याऐंशी. सोक-हूनने त्यांना जरा बाजूला बसायला सांगितलं.

"का म्हणून?" आजी म्हणाल्या. "माझं डोकं अर्ध्यावर आहे. तुझ्या साहेबाला म्हणावं, तू सरक."

डंकन सरकला. हसला पण. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायला हवं.

त्याचा पहिलाच प्रश्न, "तुमच्याकडे सरकारने ठरवून दिलेलेच केस ठेवावे लागायचे. खरं ना?"

"चौकात दंडाला फीत बांधलेली पोरं उभी असायची," मी सांगितलं. "लांब केसवाला दिसला की धरायची. कधीकधी तिथंच कात्री चालवायची. आडवीतिडवी, उंदरानं कुरतडल्यासारखी. मग ते डोकं माझ्याकडे यायचं, दुरुस्त करायला."

डंकनचे डोळे चमकले. "आणि लोक घाबरून सगळे एकसारखे केस ठेवायचे?"

"डोंबल एकसारखे! पोरं टोपीत केस कोंबायची. आणि पोरी मला म्हणायच्या, ताई, असं काहीतरी कर की चौकात सरळ दिसेल आणि लग्नात कुरळं दिसेल. करून द्यायचे मी. त्या फीतवाल्या पोरांची कप्तान होती ना, ती स्वतः मागच्या दारानं यायची. तिला कपाळावर बट हवी असायची."

मी हसले, कॅमेरावाला हसला. सोक-हूनने सगळं इंग्रजीत सांगितलं तेव्हा डंकन मात्र वहीतला पुढचा प्रश्न शोधत होता.

तेवढ्यात आजींना राहवेना. "अहो, माझ्या तरुणपणी इथं काय वेगळं होतं? माझ्या मालकांना सोलमध्ये भर रस्त्यात पोलिसांनी धरून भादरलं होतं. माझ्या नणंदेचा झगा फूटपट्टी लावून मोजला, गुडघ्यापासून किती वर आहे म्हणून. घरोघरी मातीच्या चुली! हे पण लिही म्हणावं."

सोक-हूनने ते सांगितलं. डंकनने मान डोलावली आणि कॅमेरा आजींवरून काढून माझ्याकडे वळवायला लावला. आजींनी माझ्याकडे बघून नाक उडवलं.

मग त्याने पिशवीतून एक मोठा जाड कागद काढून आरशापाशी ठेवला. "हा चोंगजिनमधल्या एका दुकानातला तक्ता. एका प्रवाशाने फोटो काढला होता, जगभर फिरला. लाखो लोकांनी बघितला. आमच्या कार्यक्रमात आम्ही ह्यांना 'दहा बाहुल्या' म्हणतो. बघा ना, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. डोळ्यांत काहीच नाही."

कागदावर दहा बायका, दोन रांगांत. प्रत्येकीच्या खाली गोलात आकडा. असे तक्ते आमच्या प्रत्येक दुकानात असायचे, गिऱ्हाइकानं बोट दाखवायला. बोट दाखवून तरी कुठं ऐकायची गिऱ्हाइकं! मी सहज नजर फिरवली. एक, दोन, तीन.

चार नंबरला माझी बहीण होती.

मी वाकून पुन्हा बघितलं. आधी वाटलं, भास आहे. मग गळपट्टी दिसली. निळा ब्लाउज, डाव्या बाजूला गळपट्टी किंचित वर आलेली. तो ब्लाउज माझा. ती गळपट्टी फाटली होती आणि मीच घाईत वेडीवाकडी शिवली होती.

तुम्हाला कसं सांगू? माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. नदी ओलांडताना घरच्यांचे फोटो बरोबर घेतले आणि पकडलं गेलं, तर 'मी नुसती सामान आणायला चालले होते' असं म्हणायची सोय उरत नाही. म्हणून सगळे चुलीत घातले, माझ्या हातांनी. मी-ओक त्याच्या आदल्या वर्षी गेली, क्षयानं, एकतिसाव्या वर्षी. अकरा वर्षं झाली. अलीकडे तर तिची हनुवटी कशी होती ते आठवेनासं झालं होतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटायची की मी कुणाला बोलले नव्हते.

"ही माझी बहीण आहे," मी म्हटलं.

सोक-हून सांगायचं विसरून माझ्याकडेच बघत राहिला. आजींनी त्याला कोपरानं ढोसलं. त्याने सांगितलं तसा डंकन उठून उभाच राहिला. कॅमेरावाल्याला खुणावलं, जवळ ये. मग माझ्या खुर्चीशी गुडघ्यावर बसून हळू आवाजात म्हणाला, फार वाईट वाटलं. खरंच वाटलं असावं. पण लगेच पुढचं आलं.

"तिला जबरदस्तीनं बसवलं होतं ना फोटोला?"

"जबरदस्तीनं?" मी म्हटलं. "अहो, चौघींशी भांडून बसली ती! मासळीच्या कारखान्यात होती. तक्त्यासाठी फोटोवाला येणार म्हटल्यावर तीन दिवस अंगाचा वास घालवत होती. लोखंडी सळ्या शेगडीवर तापवून मी तिचे केस वळवले, दोनदा कान भाजला तर मलाच शिव्या. रात्री केस मोडतील म्हणून भिंतीला टेकून बसून झोपली. सकाळी मान वाकडी! फोटोत ती सरळ बघते आहे ना, ते मान हलत नव्हती म्हणून."

बोलता बोलता मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. मला वाटलं, आता तरी ह्याला बाई दिसेल.

डंकनने सोक-हूनशी बराच वेळ कुजबुज केली. सोक-हून खाली बघत म्हणाला, "मावशी, तो म्हणतो, हे सगळं फार छान आहे, पण प्रेक्षकांचा गोंधळ होईल. तुम्ही एवढंच म्हणा, की माझ्या बहिणीला सरकारनं बाहुली बनवलं. एकच वाक्य. आणि... ज्या प्रवाशाने फोटो काढला तो त्याच्या ओळखीचा आहे. मूळ फोटो ह्याच्यापेक्षा खूप स्वच्छ आहे. चेहरा नीट दिसतो. तो तुम्हाला मोठा करून पाठवील."

चेहरा नीट दिसतो. हे ऐकल्यावर मी काय केलं ते खरं सांगते. मी खुर्चीत नीट बसले. केस सारखे केले. म्हटलं, एका वाक्याचं काय एवढं? ह्याहून मोठी खोटी वाक्यं मी तिकडे शाळेत रोज म्हटली आहेत, तीही उभी राहून. आणि ती हनुवटी मला हवी होती. फार हवी होती.

दिवा लागला. मी तोंड उघडलं. "माझ्या बहिणीला..."

आणि पुढे जीभ वळेना. कारण तिच्या उभ्या आयुष्यात स्वतःसाठी, कुणी न सांगता, हट्टानं केलेली एकच गोष्ट ती. रेशनच्या रांगेत तिला कुणी विचारलं नाही, औषध संपलं तेव्हा कुणी विचारलं नाही. तो एक दिवस तिचा होता. तोही मी ह्याला देऊन टाकायचा?

"माझ्या बहिणीला नटायची भारी हौस होती," मी म्हटलं. "तिचं नाव मी-ओक. दोन नंबरची आहे ती आमच्या गल्लीतली शिंपीण, नवऱ्याला पळवून पळवून मारायची. नऊ नंबरची शाळेत बाजा शिकवायची आणि बेसूर वाजवायची. बाकीच्या सात जणी मला माहीत नाहीत, पण घरून उपाशी निघाल्या असतील तरी केस विंचरून निघाल्या असतील. तिथलं सरकार वाईटच आहे, साहेब. ते आम्हाला आकडे समजायचं. पण तुम्ही लाखो लोकांनी हा कागद बघितला, आणि तुम्हालाही आकडेच दिसले!"

"शाब्बास!" आजी म्हणाल्या.

सोक-हूनने भाषांतर केलं. मला इंग्रजी येत नाही, पण ह्या वेळी त्याचा आवाज माझ्याइतकाच चढला होता, तेवढं मला कळलं.

डंकनने दिवा बंद करायला सांगितला. रागावला नाही. थकल्यासारखा म्हणाला, हे वापरता येणार नाही. मग सामान आवरलं आणि कागदासाठी हात पुढे केला.

मी कात्री उचलली. तो एक पाऊल मागे गेला, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कागद घेतला आणि एकेक बाई कापून काढली. सावकाश, कुणाचा केस कापला जाणार नाही अशी. आकड्यांच्या दोन पट्ट्या खाली पडल्या. त्या मी त्याच्या हातात दिल्या.

"हे तुमचं," मी म्हटलं. "ह्या माझ्या."

"मावशी, तो म्हणतो हा कागद वाहिनीचा आहे."

"मग पोलिसांत जा म्हणावं. लिहून द्या, की उत्तरेच्या एका बाईनं स्वतःची बहीण चोरली."

गेला नाही पोलिसांत. कार्यक्रम जूनमध्ये लागला. मी त्यात नव्हते, नुसते माझे हात चार सेकंद दिसले. तक्ता होता, दहा बाहुल्या होत्या, हसणारी माणसं होती. तो स्वच्छ फोटो मला मिळाला नाही, आता मिळणारही नाही. मी-ओकची हनुवटी पुसटच आहे.

दहाही जणी माझ्या आरशाभोवती चिकटवल्या आहेत. परवा कॉलेजातली एक पोरगी आली, ह्याच शहरातली. बराच वेळ आरशाकडे बघत होती. मग बोट दाखवून म्हणाली, "काकू, मला असे करून द्या. कितवी ही... वरच्या रांगेतली चौथी."

"चौथीबिवथी कुणी नाही इथं," मी म्हटलं. "नाव घेऊन माग."

"नाव काय?"

मी तिला नाव सांगितलं. तिने ते नीट घेईपर्यंत मी कात्री उचलली नाही.