रुतलेली शिडी

शिडीच्या गाडीची चाकं जागच्या जागी चिखल उडवायला लागली, तसा शिडीवाला गाडी तिथेच टाकून धावत सुटला.

पाऊस आडवा. समोर विमान.

विमानाच्या दाराला शिडी लावण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पण असं विमान त्याने कधी पाहिलं नव्हतं. वादळात ते धावपट्टीवर टेकलं, घसरत गवतात शिरलं आणि पुढचं चाक मोडून नाकावर बसलं. शेपूट आभाळात. एवढं अजस्र धूड, गुडघे टेकलेलं.

मग मागच्या दारात बायको दिसली.

लेकीकडून परत येत होती. पहिलाच विमानप्रवास. जाताना ती घाबरली, तेव्हा यानेच थट्टा केली होती, की येताना माझ्या शिडीशिवाय उतरायचंच नाही, मी खाली उभा असेन. बाईंनी ते मनावर घेतलं होतं. दारातून रबरी घसरगुंडी सुटलेली, बाकीची दारं भराभर रिकामी होत होती, आणि ही चौकट धरून खिळल्यासारखी उभी. हवाईसुंदरी तिचे हात सोडवत होती, मागचे ओरडत होते. पंखाखालून धूर.

दार इतकं वर गेलेलं, की शिडी आली असती तरी पोचली नसती.

तो घसरगुंडीच्या तळाशी गेला. हात पसरले.

"अगं, शिडी रुतली! मी आहे!"

तिने खाली पाहिलं.

तिच्या हातून चौकट सुटली, आणि ती घसरत थेट त्याच्या अंगावर आली.

दोघंही चिखलात लोळले.

"एवढं एकच काम होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. त्याचा शर्ट मात्र मुठीतून सोडेना.

आत कुणी उरलं नाही, असं अग्निशमनवाल्यांनी सांगितलं. धूर विरला, पाऊस ओसरला. गवतातली माणसं वळून विमानाकडे बघत राहिली.

बायको अनवाणी त्या रुतलेल्या गाडीकडे निघाली. शिडी चढली, पार वरपर्यंत. एरवी तिथे दार असायचं; आज नुसतं आभाळ. कठडा धरून ती त्या गुडघे टेकलेल्या धुडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग वळली.

तो खाली, रोजच्या जागी. उतरणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणायचा, सावकाश, पायरी ओली आहे.

"सावकाश," तो म्हणाला. आणि हात पुढे केला.

ती एकेक पायरी उतरत आली.