मशीनच्या पलीकडची जागा

थोरली जाऊ शिवणयंत्र घ्यायला निघाली ती अर्धवट शिवलेली गोधडी काखेत मारूनच. दुकानातल्या कोऱ्या, कडक चिंधीवर कुठलंही मशीन गुणी बाळासारखं चालतं, खरी परीक्षा गोधडीच्या जाड कोपऱ्यावर, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या ठाम मतांपुढे घरात कुणाचं काही चालत नसे.

बरोबर धाकटी जाऊ होती. आठवड्याभरात ती नवऱ्यामुलांसह दुसऱ्या गावी राहायला जाणार होती. भांडण वगैरे काही नाही, घर पुरत नव्हतं एवढंच. जुनं पायमशीन धाकटी नेणार होती, कारण थोरलीचा गुडघा आता पाय मारू देत नव्हता.

त्या जुन्या मशीनची एक खोड होती. सुईच्या उजवीकडे जेमतेम वीतभर जागा. झबली, उशांचे अभ्रे मजेत व्हायचे, पण गोधडीची वळकटी तिथे अडकून बसायची. म्हणून गेली सव्वीस वर्षं थोरली शिवायला बसायची आणि धाकटी मशीनच्या पलीकडे उभी राहून शिवून आलेली गोधडी हातांवर तोलून धरायची. बोलणं काय व्हायचं ते तेव्हाच. सासूबाईंचे कान तिखट, त्यामुळे त्यांच्याविषयीचं सगळं मशीनच्या खडखडाटात उरकून घ्यायचं. एरवी दोघी फारशा बोलत नसत. नुसतं बसून गप्पा मारणं थोरलीला कधी जमलंच नाही.

दुकानदारीणबाईंनी आधी दोनशे तऱ्हांचे टाके घालणारं मशीन पुढे केलं.

"हे कापडावर नावंसुद्धा काढतं."

"नावं ठेवायला मी आहे की घरात," थोरली म्हणाली. "मला गोधड्या शिवायच्यात."

शेवटी दोन मशीनं उरली. एक लहान, साधं. दुसरं लांब हाताचं, म्हणजे सुईच्या उजवीकडे ऐसपैस जागा असलेलं, शिवाय डावीकडे आणि मागे जोडटेबल.

लहान मशीनवर जाड कोपरा सुईखालून निमूट गेला, पण वळकटी अडकलीच. धाकटी सवयीने पलीकडे जाऊन उभी राहिली, तिने गोधडी उचलून धरली आणि काम झालं. मग मोठं लावलं. धाकटी याही वेळी पलीकडे गेली.

"ताई, तुम्ही हात काढा," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "याला दुसरं माणूस लागत नाही."

धाकटीने हात काढले. त्यांचं काय करावं ते न कळून तिने पर्स पोटाशी धरली. गोधडी टेबलावरून आपली आपण सरकत गेली. टीप सरळ आली, इतकी सरळ की थोरलीला रागच आला.

"हे नको. लहानच द्या."

"अहो, पण तुमच्या कामाला हेच योग्य आहे."

"आवाज फार आहे याचा."

आवाज मुळीच नव्हता. धाकटीला समजायचं ते समजलं.

"ताई, लहान घेतलंत तर पलीकडे कोण उभं राहणार?"

"तू येशीलच की अधूनमधून."

"त्यासाठी नाही येणार मी."

 थोरली गोधडीतला नसलेला दोरा शोधू लागली.

"सव्वीस वर्षं उभं केलंत मला," धाकटी म्हणाली. "पोटऱ्या भरून यायच्या, कधी बोलले नाही. आता येईन ती बसायला येईन. मोठंच घ्या."

थोरलीला लाज वाटली. आपण इतकी वर्षं बसून होतो आणि ही उभी होती, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने गोधडीची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"मोठंच द्या," ती दुकानदारीणबाईंना म्हणाली. मग उठून टेबलाच्या मागची जागा वितीने मोजू लागली. "आणि हे भिंतीपासून किती पुढे ठेवलं, तर पलीकडे खुर्ची मावेल? हातांची खुर्ची. पाठ टेकता आली पाहिजे हिला."