हसण्याआड येणारा हात

दातांच्या लॅबमध्ये तिची जागा खिडकीपाशी होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणात एकेक दात रोवायची. बारा वर्षांत तिने किती तोंडं भरली, याला गणती नाही. कितीतरी माणसं तिने बसवलेल्या दातांनी चावत होती, भांडत होती, नातवंडांचे मुके घेत होती.

तिचा स्वतःचा वरचा एक दात मात्र शेजारणीच्या मांडीवर बसावं तसा दुसऱ्यावर चढलेला. लहानपणी शाळेचा फोटो काढताना फोटोवाला म्हणाला होता, "बाळ, तोंड मीट." तेव्हापासून हसू आलं की हात वर. पापणी मिटते ना, तितका आपसूक.

सासूबाईंना ते खुपायचं. एका संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "सोळा वर्षं झाली तुला या घरात. तुझं हसू मी नुसतं ऐकते गं. दिसतं कसं ते ठाऊकच नाही मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनसा एक फॉर्म आणला. विवाहित स्त्रियांची सौंदर्यस्पर्धा. सही तेवढी बाकी होती.

"अहो आई, चाळीशीला टेकले मी!"

"मग उभी राहा. टेकतेस कशाला?"

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. खाट आणि कपाट यांच्या बोळातून ती उंच टाचांवर चालायचा सराव करायची, तेव्हा तो टोकाला उभा राहायचा. "सावकाश... थांब. दार उघडलं. आता बाहेर." ती हसायची, हात वर जायचा, तोल जायचा, आणि ती थेट कपाटावर.

पहिली स्पर्धा फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये झाली. बावीसजणी. निवेदिका मोठी बोलघेवडी, दर वाक्याला कोपरखळी. हिचा हात जो तोंडावर गेला तो उतरेचना. बक्षीस मिळालं ते "सर्वांत सुंदर हात" याचं. परीक्षकांना दुसरं दिसलं होतं काय!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तोंड दाखवायला धाडली, नि ही हात दाखवून आली!"

दुसऱ्या स्पर्धेसाठी तिने लॅबमध्येच, जेवणाच्या सुट्टीत, दातांवर चढवायची एक पातळ खोळ बनवली. आरशात पाहिलं तर मोत्यांची सरळ ओळ. कुणाची तरी.

रंगमंचावर ती ताठ गेली, माईक घेतला, "नमस्कार" म्हणाली आणि सकारातून बारीक शिट्टी आली. आता, कवळी नवी असली की डॉक्टरांकडे ती माणसाला एकसष्टपासून मोजायला लावायची. दात कुठे चुकलेत ते त्या आकड्यांतल्या 'स'वरून बरोबर कळतं. शिट्टी ऐकताच बारा वर्षांची सवय जागी झाली आणि भरल्या सभेत ती म्हणाली, "एकसष्ट... बासष्ट... त्रेसष्ट..."

एका परीक्षकाने घाईघाईने कागदावर तिचं वय पाहिलं.

त्या दिवशी काहीच मिळालं नाही. येताना नवरा सारखा तिच्याकडे वळून बघत होता. मग म्हणाला, "मघाशी तू शेवटी हसलीस ना, मी शेजारच्याला विचारलं, ही कोण? तुला ओळखलंच नाही गं मी."

घरी आल्यावर तिने खोळ काढून साबणाच्या डबीत टाकली. "आता एकदाच," ती म्हणाली. "आहे तोच दात घेऊन. आणि हात खाली."

मग घरात कोण धमाल! जेवताना नवरा मुद्दाम विनोद सांगायचा, ती हात मांड्यांखाली दाबून बसायची, आणि हसू आलं की कोपराने पाण्याचा पेला लवंडायचा. सासूबाईंनी तर गाणंच रचलं. भांडी विसळता विसळता म्हणायच्या,

"सुनेच्या गं माझ्या बाई, दात दातावरी चढे,
जागा थोडी म्हणून का गं, कुणी शेजार सोडे?"

महिनाभर सराव झाला. हात काही ऐकेना.

तिसरी स्पर्धा नाट्यगृहात होती. शेवटच्या पाचांत तिचं नाव आलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या सासूबाई उभ्याच राहिल्या. मागच्यांनी "आजी, बसा" म्हटलं तरी बसेनात.

परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमच्या कामानं तुम्हाला सौंदर्याबद्दल काय शिकवलं?"

ती म्हणाली, "माणसं नवी कवळी बघतात आणि म्हणतात, 'छान आहे हो, पण ही माझी नाही.' मग जुना फोटो आणतात. आजोबा म्हणतात, इथे फट होती, ती घाला. कुणी म्हणतं, हा दात थोडा तिरका होता, तसाच हवा. मी तासन्‌तास बसून लोकांचं वाकडेपण कोरून देते, बाई. आणि माझं स्वतःचं, देवानं फुकटात दिलेलं..."

इथे तिला स्वतःचंच हसू फुटलं. पोटातून, उकळी फुटावी तसं. हात नेहमीसारखा वर गेला. पण हातात माईक होता. झाकायला निघालेल्या हातानेच ते हसू उचललं आणि भिंतीभिंतीवरच्या कर्ण्यांतून सभागृहभर ओतलं. आपलंच हसू एवढं मोठं ऐकून ती दचकली, हात खाली आला, आणि मग दचकण्याचं आणखी हसू आलं. उघडं, तिरकं, अख्खं. पहिली रांग हसली, मागची हसली, परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नुसत्या बघत होत्या. सोळा वर्षांचं एकदम बघून घेत होत्या.

ती दुसरी आली.

परतताना टॅक्सीत सासूबाईंनी विचारलं, "पहिली आली तिचे दात कसे होते गं?"

"एकदम सरळ, आई."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "एक तरी वळण हवं होतं."

नवरा खो-खो हसला. तीही हसली, टॅक्सीवाल्याने आरशातून पाहावं इतकी. तिचे दोन्ही हात मांडीवर पडून होते, दमून झोपलेल्या लेकरांसारखे.